तोतया खाते

समाजमाध्यमावर एखाद्या खऱ्या व्यक्तीचे नाव, छायाचित्र आणि माहिती वापरून, तिच्या नकळत दुसऱ्याने उघडलेल्या खात्यास तोतया खाते म्हणतात. अशा खात्यावरून त्या व्यक्तीच्या स्नेह्यांकडे पैसे मागण्याचा प्रकार भारतात सर्रास आढळतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या आणि १७७६ मध्ये देहदंड झालेल्या तोतयाला लोकांसमोर उभे राहावे लागले होते. आजच्या तोतयाला ती अडचण नाही.

कार्यपद्धती

या फसवणुकीत संगणकाचे कौशल्य फारसे लागत नाही. मूळ खाते फोडले जात नाही. ते जागच्या जागी सुरक्षित असते. फसवणारा सर्वांना दिसणारे छायाचित्र उतरवून घेतो, त्याच नावाने नवे खाते काढतो आणि मित्रयादीतील लोकांना मैत्रीची विनंती पाठवतो. जुने खाते बंद पडले असावे, असे समजून ती स्वीकारली जाते. मग कुशल विचारले जाते आणि दोन-चार संदेशांतच निकड सांगितली जाते: कुणी रुग्णालयात आहे, आपले यूपीआय चालत नाही, सकाळी रक्कम परत करतो. केंद्रीय राखीव पोलीस दलातील मित्राची बदली झाल्याने त्याचे घरसामान स्वस्तात विकायचे आहे, हीदेखील एक ठरीव कथा.

शिक्षक, डॉक्टर, पोलीस अधिकारी यांची नावे यासाठी विशेष वापरली जातात. ज्याच्यापुढे आपण आदराने उभे राहतो, त्याला ‘हे तुम्हीच ना?’ असे विचारणे उद्धटपणाचे वाटते. फसवणूक चालते ती या संकोचावर. वास्तविक, खऱ्या सरांना अशा चौकशीचा राग येण्याचे काहीच कारण नाही.

खबरदारी

पैशाची मागणी आल्यास त्या व्यक्तीच्या आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी; संदेशात दिलेल्या नव्या क्रमांकावर नव्हे. नेहमी मराठीत लिहिणारा मावसभाऊ एकाएकी हिंदीत लिहू लागला, तर तेवढेही सावध होण्यास पुरे आहे. यूपीआयने पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव निराळे असल्यास व्यवहार थांबवावा. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही.

आपली मित्रयादी इतरांपासून लपवता येते. तसे केल्यास तोतयाला सावज शोधणे कठीण जाते. व्हॉट्सॲपचा सहा अंकी पडताळणी क्रमांक मात्र कोणालाही सांगू नये, कारण तो दिल्यास खरे खातेच परक्याच्या हाती जाते.

तक्रार

तोतया खाते आढळल्यास त्याचा दुवा आणि संदेशांची पडदाचित्रे आधी जपून ठेवावीत, कारण नाव बदलून खाते दिसेनासे होऊ शकते. त्यानंतर संकेतस्थळाकडे तोतयेगिरीची तक्रार करावी. मूळ खातेदाराने स्वतःचे खाते बंद करू नये. त्याच खात्यावरून मित्रांना सावध करता येते.

पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ कळवावे. रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने हलवली जाते आणि ती काढून घेण्याआधीच गोठवता येते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर करता येते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील ओळखचोरीसंबंधीचे कलम ‘६६ सी’ आणि तोतयेगिरीने फसवणुकीसंबंधीचे ‘६६ डी’ यांखाली तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.