भिंत शाळेची, चित्र कोणाचं?

जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत डोकावलात तर भिंती रिकाम्या क्वचितच दिसतील. बाराखडी, पाढे, महाराष्ट्राचा नकाशा, सूर्यमाला, झाडावर दोन पोपट, पाणी वाचवण्याचा संदेश, आणि हल्ली तर आगगाडीच्या डब्यांसारख्या रंगवलेल्या वर्गखोल्या. याला आपण 'बोलक्या भिंती' म्हणतो. पण या भिंती बोलतात ते कोणाचं बोलणं? बहुतेक वेळा तालुक्याच्या पेंटरला चौरस फुटाच्या दराने काम दिलेलं असतं आणि रंग वाळेपर्यंत मुलांना तिकडे फिरकायची बंदी असते. (पेंटरचा यात काही दोष नाही. त्याला जे सांगितलंय तेच तो काढतो.)

माझ्या पीएच.डी.चा विषय याच्या शेजारचा आहे: व्यावसायिक चित्रकार आणि विद्यार्थी मिळून शाळेची भिंत रंगवतात तेव्हा नेमकं काय घडतं? अशा उपक्रमांच्या बातम्यांत एक वाक्य हमखास असतं, 'विद्यार्थ्यांनी उत्साहाने सहभाग घेतला.' या 'सहभाग' शब्दाखाली काय काय खपवलं जातं, ते आज समजावून सांगते.

रॉजर हार्ट या पर्यावरण-मानसशास्त्राच्या अभ्यासकाने 1992 मध्ये युनिसेफसाठी एक छोटा निबंध लिहिला. त्यात मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी आहे. कल्पना मुळात शेरी अर्नस्टीनची. तिने 1969 मध्ये नागरिकांच्या सहभागासाठी अशीच शिडी मांडली होती. हार्टच्या शिडीच्या खालच्या तीन पायऱ्या तो सहभाग मानतच नाही. माझ्या मराठीत सांगायचं तर मुलांना वापरून घेणं, त्यांना शोभेला उभं करणं आणि त्यांना नावापुरतं सामील करणं. कार्यक्रमात मुलांना एकसारखे टी-शर्ट घालून नाचायला लावतात, पण कार्यक्रम कशाचा आहे हे त्यांना धड माहीत नसतं, ही झाली शोभा.

सगळ्यात खालच्या पायरीचं त्याचं उदाहरण आपल्या विषयाला इतकं चपखल बसतं की पहिल्यांदा वाचताना मी थांबलेच. मुलांकडून त्यांच्या आवडत्या मैदानाची चित्रं काढून घ्यायची. ती गोळा करायची. मग मोठ्यांनी आपापसात बसून त्यांतून एक आराखडा करायचा आणि तो 'मुलांचा आराखडा' म्हणून जाहीर करायचा. यात कोणी खोटं बोललेलं नाही. पण माझं चित्र कुठे गेलं, का घेतलं, का गाळलं, हे एकाही मुलाला सांगता येणार नाही. भित्तिचित्राच्या उपक्रमांत हे सर्रास होतं. चित्रकला स्पर्धा होते, कागदांचा गठ्ठा जमतो आणि पुढच्या सोमवारी चित्रकार तयार स्केच घेऊन येतो.

आता चित्रकाराच्या बाजूने बघू, कारण त्याची अडचण खरी आहे. भिंत मोठी, दिवस मोजके, परात रचलेली, त्यावर सातवीतल्या मुलाला चढवायचं कसं? म्हणून चौकटी आखून स्केच भिंतीवर मोठं केलं जातं आणि मुलांच्या वाट्याला खालचे चार फूट येतात: गवत, फुलं, नाहीतर हाताचे ठसे.

या अडचणीवर अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने एक युक्ती वापरली. तिथला भित्तिचित्रांचा सरकारी कार्यक्रम 1984 मध्ये भिंतींवरची बेकायदा ग्राफिटी रोखण्याच्या मोहिमेतून सुरू झाला. जेन गोल्डन या चित्रकर्तीने त्याच ग्राफिटीवाल्या पोरांना हाताशी धरून चित्रं उभी केली. तिथे भिंतीऐवजी 'पॅराशूट क्लॉथ' नावाच्या पातळ, न विणलेल्या पॉलिस्टर कापडावर रंगवतात. स्केचचे चौकोनी तुकडे पाडून कापडावर रेषा उतरवायच्या, प्रत्येक आकारात रंगाचा आकडा लिहायचा, आणि मुलांनी वर्गात बाकावर बसून रंग भरायचे. मग तुकडे अ‍ॅक्रिलिक जेलने भिंतीला चिकटवतात. दोन मजली चित्राचा वरचा कोपराही मुलाच्या हातचा असू शकतो. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतींना ओल येते, पोपडे निघतात; तिथे हे कापड किती टिकेल याची मला शंका आहे, पण वर्गात रंगवायची कल्पना उचलण्यासारखी आहे.

पण जरा विचार करा, आकडे बघून रंग भरणं म्हणजे शिडीची कितवी पायरी? हात मुलांचे, निर्णय कोणाचा?

या प्रश्नासाठी लॉस एंजेलिसला जायला हवं. तिथे ज्युडी बाका या चित्रकर्तीने 1976 ते 1983 या काळात पाच उन्हाळ्यांत, पूर नियंत्रणाच्या काँक्रीटच्या कालव्याच्या भिंतीवर कॅलिफोर्नियाचा इतिहास रंगवून घेतला. लांबी सुमारे 840 मीटर. हे शाळेचं आवार नव्हतं, पण रंगवणारी शाळकरी वयाची 400 हून अधिक मुलं होती. पहिल्या गटातली बरीचशी बालन्यायालयाच्या वाटेवरून आलेली. त्यांना कामाचे पैसे मिळत. ब्रश हातात यायच्या आधी इतिहासकार येऊन बोलत, आणि पाठ्यपुस्तकात नसलेल्या गोष्टी, मेक्सिकन कुटुंबांची हकालपट्टी, जपानी वंशाच्या लोकांच्या छावण्या, यांवर चर्चा होई.

आणि तरी एक पेच आहेच. पहिल्या उन्हाळ्यात वेगवेगळ्या चित्रकारांनी आपापले भाग रचले, त्यामुळे शैली तुकड्यातुकड्यांची झाली. पुढे बाकाने आराखडा स्वतःच्या हाती घेतला. चित्र एकसंध झालं, देखणंही. सहभाग मात्र कमी झाला का? माझं मत: नाही, कारण काय काढायचं आणि का, हे मुलांना माहीत होतं. हार्टही म्हणतो की दरवेळी सगळ्यात वरची पायरी गाठायलाच हवी असं नाही. मोठ्यांनी सुरू केलेलं काम, पण निर्णय मुलांसोबत, ही सहावी पायरी शाळेसाठी पुष्कळ झाली.

म्हणून मी कुठल्याही शाळेत गेले की ब्रश कोणी धरला होता हे विचारत नाही. मुलांना विचारते, 'स्केचमधलं काही तुम्ही बदलायला लावलंत का?' एका शाळेत वारली शैलीची सुरेख भिंत होती. शैली कोणी निवडली, तर देणगीदाराने. वर्गात वारली घरांतली मुलं होती. घरी लग्नाचा चौक कसा लिहितात, तांदळाच्या पिठाचा रंग कसा करतात, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. एका मुलीने मला बोट दाखवून सांगितलं की तारपा वाजवणारा चुकीच्या जागी उभा आहे.

त्या शाळेची भिंत दोन-तीन वर्षांनी पुन्हा रंगवावी लागेलच. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालक असतात. तुमचं मूल अशा शाळेत असेल तर रंगाच्या खर्चाला मंजुरी देताना एक अट घालता येईल: स्केच आधी वर्गात आठवडाभर टांगायचं, शेजारी पेन्सिल ठेवायची आणि मुलांनी खुणा केल्यावरच भिंतीवर रेघ ओढायची.