हक्कसोडपत्रावरील सही

घरातील कर्त्या पुरुषाच्या निधनाचे दुःख ओसरते न ओसरते तोच एक व्यावहारिक प्रश्न पुढे उभा राहतो : मागे राहिलेल्या मालमत्तेवर नाव कोणाचे लागावयाचे? महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या प्रश्नाचे उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. वारस नोंदीच्या अर्जात मुलींची नावे येतात. आणि पाठोपाठ त्याच मुलींना माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घेतल्या जातात. कायद्याने पदरात टाकलेला हक्क रूढी असा अलगद काढून घेते.

हा हक्क केवढा आहे, हे आकड्यांवाचून ध्यानात येत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने (हा कायदा बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे) पित्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत, मृत्युपत्र नसल्यास, विधवा, माता, मुलगे व मुली यांना समान वाटा दिला. वडिलोपार्जित मालमत्तेत मात्र मुलगा जन्मतःच सहहिस्सेदार राहिला व मुलीस पित्याच्या वाट्यातील अंश तेवढा मिळाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिलेल्या एका प्रसिद्ध दाव्यात मृताच्या मागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली होत्या. त्या न्यायाने प्रत्येक मुलीचा वाटा एक चोविसांश येतो. मालमत्ता म्हणजे २४ एकर जमीन असे मानले, तर मुलीस १ एकर आणि मुलास ७ एकर!

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना सहहिस्सेदार केले. परंतु त्यापूर्वी विवाह झालेल्यांना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद नाहीसा केला. पिता त्या दिवशी हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या रीतसर वाटण्या तेवढ्या अबाधित राहिल्या. आज वरील कुटुंबातील सहाही वारसांना प्रत्येकी ४ एकर मिळतील. हक्कसोडपत्रावर सही करणारी भगिनी नेमके एवढे सोडून देत असते.

येथे दोन गोष्टींत गल्लत होते. फेरफार नोंद ही सरकारी महसुलाच्या सोयीसाठी असते; तिच्यात नाव राहून गेले म्हणून मालकी नष्ट होत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्राची गोष्ट निराळी. त्याने हक्क संपतो आणि तो परत मिळवावयाचा, तर फसवणूक वा दबाव दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो. ‘सातबारा नीट व्हावा म्हणून एक सही’ असे सांगून जो कागद पुढे केला जातो, तो असा असतो.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. मुलीच्या विवाहात तिच्यावर खर्च झालेला असतो, हा पहिला. परंतु मांडवात उधळलेला पैसा हे उत्पन्नाचे साधन नव्हे, जमीन आहे. वैधव्यात वा परित्यक्तावस्थेत तो मांडव तिच्या उपयोगी पडत नाही. शेतीचे तुकडे होतील, हा दुसरा आक्षेप. तुकडे चार भावांमुळेही होतात. तेव्हा कोणी भावास हक्क सोडावयास सांगत नाही. शिवाय वारसाने हिस्सा विकावयाचा ठरविल्यास तो घेण्याचा अग्रहक्क कायद्याच्या कलम २२ ने इतर वारसांना दिलेला आहे. तो शेतजमिनीसही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केले. भावाने योग्य मोबदला देऊन बहिणीचा हिस्सा घ्यावा. जमीन अखंड राहील व बहिणीस भांडवल मिळेल. तेव्हा खरा वाद तुकड्यांचा नसून किमतीचा आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण जेमतेम १४ टक्के होते. जिच्या नावे जमीन नाही, तिला तारणावर कर्ज कोण देणार?

मृतांच्या जागी वारसांची नावे लावण्यासाठी राज्य शासनाने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ मोहीम हाती घेतली, हे उचितच झाले. परंतु नाव लागले आणि लगोलग हक्कसोड झाली, तर साधले काय? वारस नोंदीनंतर निदान सहा महिने विनामोबदला हक्कसोडपत्र नोंदवू नये, आणि नोंदणीच्या वेळी त्या हिश्श्याचे बाजारमूल्य सही करणारीस वाचून दाखवावे, एवढी तरतूद सहज करता येईल. मूल्य जाणूनही एखादीने स्वखुशीने हक्क सोडला, तर ते तिचे औदार्य म्हणता येईल. आज मात्र नकार दिला तर माहेर तुटेल, या धास्तीने सही होते. भाऊबीजेच्या ओवाळणीसाठी चार एकरांचे मोल मोजावे लागत असेल, तर त्या नात्यात कोण कोणाला ओवाळणी घालतो आहे, हे भावांनीच स्वतःला विचारावे.