साग, शिसव आणि माणसं : बिब्ब्याची भावकी

गिरगावातल्या एडवर्ड विंब्रिजची गोष्ट आज सांगायची होती. थिऑसॉफी पंथाच्या ब्लाव्हाट्स्कीबाई आणि कर्नल ऑल्कॉट यांच्याबरोबर १८७९ साली मुंबईत उतरलेला हा इंग्रज थिऑसॉफी सोडून फर्निचरच्या धंद्यात कसा शिरला, हे ऐकायला तुम्ही थांबला असाल तर आणखी एक आठवडा कळ काढा. गेल्या भागात पॅरिसमध्ये फर्निचर घडवणाऱ्या आयलीन ग्रेचं नाव ओझरतं घेतलं आणि साकोलीहून पत्र आलं. पत्र लिहिणाऱ्यांचं घराणं लाखेच्या व्यापारातलं. विचारतात, ‘तिच्या त्या काळ्याभोर चकचकीत फर्निचरवरची लाख आपल्याच जंगलातून गेली असेल का हो?’

नाही गेली. पण नुसतं ‘नाही’ लिहून कार्ड टाकावं, असा हा प्रश्न नव्हे.

आपली लाख किड्याची. पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांदीवर हे किडे दाटीवाटीने बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळ सोडतात. ती खरवडायची, धुवायची, कापडाच्या लांब पिशवीत भरून भट्टीपुढे पीळ देत वितळवायची, मग गरम असतानाच हातापायांनी ताणून तिचा पातळ पापुद्रा काढायचा. तो मोडला की झाला चपडा. गोंदिया भंडाऱ्यात होतं त्या काळी तिथे लाखेचे कारखाने होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. चपडा स्पिरिटमध्ये भिजत घातला की पॉलिश तयार. कापसाचा बोळा मऊ कापडात गुंडाळून मिस्त्री तो गोल गोल फिरवत राहतो, मधूनच तेलाचं एक बोट लावतो. बोळा फळीवर क्षणभर जरी थांबला तरी तिथे डाग पडतो. पॅरिसच्या भारी सुतारशाळांतही लाकडावर असंच लाखेचं पॉलिश चढायचं, आणि त्यासाठीची लाख जायची ती बहुतेक हिंदुस्थानातूनच.

ग्रेबाईंच्या सामानावर मात्र किड्याची राळ नाही, झाडाचा चीक आहे. जपानात त्याला उरुशी म्हणतात. झाडाच्या सालीला चिरा पाडून तो गोळा करतात. त्याची तऱ्हा आपल्या चपड्याच्या अगदी उलटी. चपडा सुकतो स्पिरिट उडून गेल्यामुळे, म्हणून त्याला कोरडी हवा लागते. भर पावसाळ्यात पॉलिश केलं की वर पांढरी झाक येते आणि गिऱ्हाईक मिस्त्रीच्या नावाने खडे फोडतं. उरुशीला दमट हवाच हवी. कोरड्या हवेत ती ओलीच राहते, आणि मुद्दाम ओलसर ठेवलेल्या खोलीत दगडासारखी घट्ट होते. साकोलीकरांनी आजोबांचा शिसवी पलंग पावसाळ्यातच पॉलिश करावा का, असंही विचारलं आहे. त्यांना सांगणं, कोजागिरी होऊन जाऊ द्या.

आणि आता ज्याच्यासाठी मी विंब्रिजला मागे सारला ते. उरुशीचं झाड आणि आपला बिब्बा एकाच कुळातले. दोघांच्या चिकातली जहाल द्रव्यंही एका जातीची. बिब्बा उतला की काय होतं, हे नागझिऱ्याच्या बाजूच्या माणसाला शिकवायला नको. आयर्लंडच्या एनिसकॉर्थीजवळ वाड्यात वाढलेल्या, आईकडून सरदारकीचा वारसा असलेल्या मुलीचे, म्हणजे ग्रेबाईंचे, हात पॅरिसमध्ये नेमके असेच उतले होते. तरीही तिने काम सोडलं नाही.

तिचा जन्म १८७८ चा. लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकताना सोहोमधल्या डीन स्ट्रीटवर उरुशी चढवलेले जुने, घडीचे लाकडी पडदे दुरुस्त करणारं एक दुकान तिला दिसलं, आणि तिथे ती हात काळे करायला जाऊ लागली. पुढे पॅरिस गाठलं. रू बोनापार्त या रस्त्यावर १९०७ साली घेतलेल्या घरातच ती १९७६ साली वारेपर्यंत राहिली. पॅरिसमध्ये तिला सेइझो सुगावारा भेटला. उरुशीकामासाठी नाणावलेल्या जाहोजी या उत्तर जपानमधल्या गावचा हा कारागीर. १९१० मध्ये दोघांनी कारखाना थाटला. दोघंही परमुलखातले, फरक इतकाच की तिच्या पाठीशी घरचा पैसा होता आणि त्याच्या पाठीशी फक्त हातातली विद्या. परदेशी जाऊन नाव काढणाऱ्यांच्या गोष्टी खिशात दमडी नसण्यापासून सुरू करायची आपल्याला सवय आहे. इथे ती सोडावी लागते, आणि सुगावाराचं नाव फार थोड्यांना ठाऊक आहे याचं मला वाईट वाटतं.

या धंद्याचा हिशेब कसा, ते बघा. लाकूड घासायचं, त्यावर कापड बसवायचं, मग थर. निदान वीस तरी. प्रत्येक थर दोन-चार दिवस सुकू द्यायचा, उगाळल्यासारखा घासायचा, मग पुढचा. म्हणजे कोरीवकामाला हात लागायच्या आतच दोन महिने भांडवल ओलसर खोलीत पडून. गिऱ्हाइकंही तशीच हवीत. कपड्यांचा नामांकित कलाकार जाक दूसे याने १९१४ च्या सुमारास तिचा लाल उरुशीचा चौपदरी पडदा घेतला. महायुद्धानंतर रू द लोतावरच्या एका श्रीमंत बाईंच्या घरातली भिंत तिने उरुशीच्या शेकडो लहान पट्ट्यांनी मढवली. त्याच बाईंसाठी केलेली ड्रॅगनची खुर्ची २००९ साली पॅरिसच्या लिलावात २ कोटी १९ लाख युरोंना गेली. त्या वेळच्या दराने १४० कोटी रुपयांच्या आसपास. खुर्ची उंचीला जेमतेम दोन फूट.

१९२२ च्या मे महिन्यात तिने दुकान उघडलं आणि पाटीवर नाव घातलं ‘जाँ देझेर’. असा कुणी गृहस्थ नव्हताच. मालक पुरुष आहे असं वाटलं तर बरं, हा व्यवहार त्यात होता. दुकानात खपले ते मुख्यतः एव्हलिन वाइल्डच्या मागावर विणलेले गालिचे. गालिच्यांनी उरुशीला पोसलं म्हणा ना. १९३० मध्ये दुकान बंद झालं. लोक मंदीला दोष देतात. माझ्या मते वीस थरांच्या मालाचं दुकान असंही चाललं नसतं. तो माल आधी सांगून, बयाणा घेऊन करायचा.

तोवर ती स्वतःच उरुशीच्या पलीकडे गेली होती. पोलादी नळ्या, कातडं, आगबोटीच्या डेकवरच्या खुर्चीवरून सुचलेली ‘ट्रान्सॅट’: चौकट उरुशी चढवलेल्या लाकडाची, सांधे चकचकीत धातूचे, डोक्याशी हलणारी उशी. आणि ही खुर्ची आली कुठे? आपल्या होळकरांकडे, इंदूरला! यशवंतराव होळकर (दुसरे) यांचं वय तेव्हा बाविशी-पंचविशीचं. ऑक्सफर्डला ओळख झालेल्या एकार्ट मुथेझियस या जर्मन वास्तुकाराला त्यांनी माणिकबाग हा वाडा बांधायला सांगितला आणि युरोपातलं नव्यातलं नवं सामान बोटीने मागवलं. रूलमानचं लिहायचं मेज, सोन्यो आणि आलिक्स यांचे धातूचे पलंग, आणि ग्रेची ट्रान्सॅट. बिब्ब्याच्या भावकीतला तो चीक असा जग फिरून होळकरांच्या दिवाणखान्यापर्यंत पोचला.

ग्रेला मधल्या काळात जग विसरलं. दूसेच्या संग्रहाचा १९७२ मध्ये लिलाव होऊन तो लाल पडदा विकला गेला, तेव्हा वर्तमानपत्रांना तिची आठवण झाली. ती तेव्हा ९४ वर्षांची होती. माणिकबागेतल्या सामानाचा लिलाव १९८० साली मोनॅकोत झाला आणि ते जगभर पांगलं. वाड्यात केंद्र सरकारचं करवसुली खात्याचं कार्यालय आलं. त्या धातूच्या पलंगांवर मात्र एक अख्खा भाग लिहायचाय. सागाच्या मुलखातल्या माणसाला ते पलंग आवडावेत की नाही, यावर माझं घरात अजून भांडण चालू आहे.