बाबांचं सीपॅप मशीन आणि ॲपमधले तीन आकडे

स्ट्रोकनंतर बाबांना स्लीप ॲप्निया निघाला. म्हणजे झोपेत घसा आकसून श्वास पुन्हा पुन्हा थांबतो. यावर सीपॅप मशीन मास्कमधून दाबाची हवा देतं आणि घसा उघडा ठेवतं. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत मांडली.

पण बाबा रोज रात्री मास्क काढून टाकायचे आणि आम्ही त्यांच्यावर चिडायचो. शेवटी मी मशीनचं ॲप उघडलं.

१. वापर: रात्री किमान ४ तास हवा. बाबांचा जेमतेम दीड.

२. एएचआय: तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा मंदावला. ५ च्या खाली हवा.

३. लीक: मास्कमधून निसटणारी हवा. खरी गोम इथेच होती! स्ट्रोकमुळे चेहऱ्याची डावी बाजू सैल, तिथून हवा थेट डोळ्यात. एका हाताने पट्टाही नीट बसेना.

टेक्निशियनने मास्क बदलला, रॅम्प चालू केला, म्हणजे दाब हळूहळू वाढतो. दिवसा टीव्ही बघताना मास्क लावायची सवय केली. आता बाबा पाच तास टिकतात.

दाबाचं सेटिंग मात्र स्वतः बदलू नका, ते डॉक्टरांचं काम. आणि घरच्यांवर चिडण्याआधी लीक बघा.