शेगडी कुणाकडे?
मैत्रिणींनो, ऑस्ट्रेलियात मुलाकडे गेलात आणि केर्न्सहून कॅम्परव्हॅनची सहल ठरली, तर निघण्यापूर्वीच एक विचारून घ्या : शेगडी कुणाकडे? बिछाना, ओटा, भांडी सारं गाडीतच. म्हणजे घर बरोबर आणि घरकामही!

वाटेत पोर्ट डग्लसचा किनारा, मग गाडीसकट फेरीबोटीनं डेंट्री नदी ओलांडली, की घनदाट वर्षावनातून केप ट्रिब्युलेशन. केर्न्सपासून अंतर सुमारे १४० किलोमीटर. डोंगरावरच्या कुरांडा गावाला दुसरा दिवस ठेवा.

नदीकाठी भांडी विसळायला मात्र बसू नका; तिथं मगरी आहेत! नोव्हेंबर ते मे समुद्रात विषारी जेलीफिश असतात, तेव्हा जाळीबाहेर पोहू नये.

आणि हो, रात्रीची खिचडी ‘ह्यां’ना टाकू द्या. थोडी लागली तर लागली. तुम्ही दाराशी बसून समुद्र बघा!