फॉरमॅट करण्यापूर्वी...

घरातला मिक्सर बंद पडला तर आपण आधी बटण बघतो, मग प्लग, मग फ्यूज. संगणक बंद पडला की मात्र हे शहाणपण बाजूला राहतं आणि पहिलं वाक्य ऐकू येतं, ‘व्हायरस आला असेल, फॉरमॅट मारून टाका.’ संगणकदुरुस्तीच्या कामात हे वाक्य मी सतत ऐकतो. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की फॉरमॅट हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे. बरेचसे बिघाड त्याच्याविनाच बरे होतात.

समजा, संगणक सुरू केला, दिवा लागला, पंखाही फिरतोय, पण पडदा काळाच. आधी मॉनिटरचं बटण आणि त्याची केबल दोन्ही टोकांना घट्ट बसली आहे का, हे पाहावं. तरीही काही दिसत नसेल तर रॅमची पट्टी सैल झालेली किंवा मळलेली असू शकते. वीजपुरवठ्याची वायर काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग पट्टी काढावी, तिचे सोनेरी दात मऊ खोडरबरानं हलकेच पुसावेत, आणि ‘टक्’ आवाज होईपर्यंत ती पुन्हा बसवावी. आपल्याकडच्या धुळीत आणि पावसाळी दमट हवेत एवढ्यावरही काम भागून जातं.

दुसरी तक्रार : बँकेची वेबसाइट उघडत नाही, ‘सुरक्षित नाही’ असा इशारा येतो. अशा वेळी कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली आहे. बहुतेक संगणकांत ती ‘सीआर २०३२’ या नावाची, ३ व्होल्टची असते. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्राला मुदत असते. आपलं घड्याळच चुकलं की खरं प्रमाणपत्रही खोटं ठरतं.

संगणक फार मंद झाला असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांपैकी कोणता आकडा शंभर टक्क्यांना टेकलाय, ते पाहा. जुन्या, फिरत्या हार्ड डिस्कचाच आकडा सतत तिथे असेल, तर डिस्क तपासून घ्या. तिच्या जागी एसएसडी बसवली की तोच संगणक पुष्कळदा टवटवीत होतो.

आता फॉरमॅटमुळेच उद्भवणारी एक तक्रार. ‘माझी मराठी फाइल उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात!’ फाइल शाबूत असते. ती युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली असते, आणि फॉरमॅट करताना तो फाँट विंडोजबरोबर पुसला गेलेला असतो. तोच फाँट पुन्हा टाकला की मजकूर परत दिसतो. मग तो युनिकोडमध्ये बदलून ठेवावा.

फाँट परत मिळतो. सगळंच मिळत नाही. एका निवृत्त शिक्षकांनी चार वर्षं खपून आपल्या गावाचा इतिहास लिहिला होता. सगळा मजकूर डेस्कटॉपवर. विंडोज सुरू होईना म्हणून दुकानात फॉरमॅट झालं, आणि नंतर ते माझ्याकडे आले. संगणक झकास चालत होता. लिखाण मात्र परत मिळालं नाही. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे सहसा ‘सी’ ड्राइव्हमध्येच असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

विंडोज सुरू होत नाही म्हणजे फाइली गेल्या, असं नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून त्या बहुधा उतरवून घेता येतात. नव्या लॅपटॉपवर मात्र डिस्क कुलूपबंद असू शकते. त्यासाठी ४८ अंकी बिटलॉकर चावी लागते. ती आजच शोधून कागदावर लिहून ठेवा. हार्ड डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा आवाज येऊ लागला तर संगणक लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नका. फाइल चुकून पुसली गेली तर त्या डिस्कवर नवं काही साठवू नका. जुन्या डिस्कवर ती परत मिळण्याची आशा असते, एसएसडीवर फारच कमी.

आणि पडद्यावर भोंगा वाजवत ‘या नंबरवर फोन करा’ अशी सूचना आली, तर फोन करू नका. विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा.

दुरुस्तीला देताना पडद्यावरची सूचना जशीच्या तशी लिहून न्या, शेवटचा बदल कोणता केला ते सांगा, आणि ‘मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका’ हे पावतीवर लिहून घ्या. त्याआधी, आज रविवार आहे, तासभर काढून महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. संगणक बाजारात नवा मिळतो. त्यातलं आपलं लिखाण आणि फोटो मिळत नाहीत.