निकोटिन गम आणि पादांशिक क्रम

सात्म्य झालेले अहितकर द्रव्य एकाएकी न सोडता पादांशिक क्रमाने सोडावे, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात सांगतात. निकोटिन गमची १२ आठवड्यांची योजना याच तत्त्वाशी जुळते. सिगारेट पहिल्याच दिवशी बंद करावयाची; निकोटिन मात्र क्रमाने कमी करावयाचे. ६ आठवडे दर १-२ तासांनी, नंतर ३ आठवडे २-४ तासांनी व अखेरचे ३ आठवडे ४-८ तासांनी एक गम द्यावा.

गम सतत चघळल्यास निकोटिन पोटात जाऊन मळमळ व उचकी होते आणि रुग्ण उपचार सोडतो. म्हणून तोंडात झणझण जाणवताच तो गाल व हिरडी यांमध्ये ठेवावा. त्यापूर्वी १५ मिनिटे चहा-कॉफी वर्ज्य. औषधविक्रेत्यांनी गम देतानाच हा विधी समजावून सांगणे अगत्याचे आहे.